दातेरी कागद

सोहारच्या बंदराअलीकडे, ट्रकांच्या रांगेला लागून
आमचं पोर्टाकॅबिन. एसी खोकतो, पण चालतो.
साडेनऊला कॅम्पची शेवटची बस येते,
माणसं उतरतात, टपरीवरून खुबूस घेतात, लबान घेतात,
आणि मी हेडफोन लावून
व्हर्जिनियात उतरते.

वय एकेचाळीस. बी.ए. अर्धवट, मिरजेला,
दुसऱ्या वर्षाचा फॉर्म आणि लग्नाच्या अक्षता
एकाच आठवड्यात आल्या म्हणून.
आता डिग्रीला तीन क्रेडिट कमी पडतात, इतिहासाचे,
आणि यादीत सगळ्यात स्वस्त होता
अमेरिकेचा सुरुवातीचा काळ.
नवरा म्हणाला, आपलाच पाठ नाही, त्यांचा कशाला?
मी म्हटलं, आपल्याचे क्रेडिट देत नाहीत.

प्राध्यापक बाईंच्या खिडकीत बर्फ पडत असतो.
कितीही वेळा मागे नेला
तरी तोच बर्फ, तेवढाच.

चौथ्या आठवड्यात त्यांनी एक करार दाखवला.
एकाच कागदावर दोनदा लिहायचा,
मग मधोमध कापायचा, मुद्दाम वाकडा, करवतीसारखा.
अर्धा मालकाकडे, अर्धा जहाजात चढणाऱ्याकडे.
भांडण झालं तर दाताला दात लावून बघायचे,
जुळले तर खरं.
चार वर्षं, पाच, कुणाची सात.

मी व्हिडिओ थांबवला.
एसी तेवढा बोलत राहिला.

माझ्या पाठीमागे कपाट आहे.
दोनशे बारा पासपोर्ट, देशांप्रमाणे रबरबँड.
दारावर चिकटवलंय: सुरक्षिततेसाठी.
किल्ली माझ्या डब्याच्या पिशवीत, चमच्याशेजारी.

जूनमध्ये नजीबुल आला होता, परातीवरचा.
रजिस्टरला तीन रकाने: नाव, कारण, परत कधी.
कारण मी लिहिलं: वडील.
साहेबांची सही तीन दिवसांनी झाली.
वडील दीड दिवसाचे होते.

परीक्षा रात्री दोनला. तिकडे तेव्हा संध्याकाळ.
ओळखीचा पुरावा हवा, फोटोसकट.
माझाही तिथेच असतो, दुसऱ्या कप्प्यात.
मी रजिस्टर उघडलं.
नाव: रत्नप्रभा मगदूम. कारण: परीक्षा. परत: आजच.
देणाऱ्याची सही माझी,
घेणाऱ्याची सही माझी,
दोन्ही थोड्या वेगळ्या आल्या.

स्क्रीनवरचा राखणदार कोवळ्या आवाजाचा.
कॅमेरा फिरवा, म्हणाला. टेबलाखाली. भिंत.
मागे ते काय?
कपाट.
उघडून दाखवा, नियम आहे.
मी उघडलं. निळे, हिरवे, विटकरी,
ट्यूबलाइटखाली सोनेरी सिंह, सोनेरी कमळ.
पुस्तकं आहेत का ती? त्यानं विचारलं.
हो, म्हटलं. पण अभ्यासाची नाहीत.
बरं, झाकून ठेवा.

प्रश्न तिसरा, वीस गुणांचा:
करारावर आलेले मजूर स्वेच्छेने आले
असे म्हणता येईल काय? साधार लिहा.

मी तंबाखूचे भाव लिहिले.
भाडं भरणाऱ्याला माणशी मिळणारे पन्नास एकर लिहिले.
मुदत संपल्यावर मका, कुदळ, एक नवा सदरा,
आणि त्याआधीच तापानं किती गेले तेही.
नजीबुल लिहिला नाही.
संदर्भ द्यावा लागतो.

एक्क्याऐंशी मिळाले. तीन क्रेडिट जमा.
तिसऱ्या प्रश्नाखाली बाईंचा शेरा:
मांडणी चांगली, उदाहरणे दूरची वाटतात.

नवऱ्यानं बसबुसा आणला, शेजारी वाटला.
माझा पासपोर्ट अजून डब्याच्या पिशवीत आहे,
कोपऱ्याला लोणच्याचं तेल लागलंय.
‘आजच’ लिहून सतरा दिवस झाले.
साहेब महिनाअखेर मोजणी घेतात.

काल नजीबुल काही न मागता दारात उभा राहिला,
रजिस्टरकडे बघत.
मी पेन त्याच्याकडे सरकवलं,
म्हटलं, या खेपेला
कारण तू लिही.